दीडशे युनिटांची रेघ आणि काँप्युटरमधला पत्र्याचा डबा

घरात नवा काँप्युटर घ्यायचा ठरला की आठवडाभर दुसरा विषय नसतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड हवं की नको, एसएसडी अर्ध्या टेराबाइटची पुरेल का. मुलं यूट्यूबवर तासन् तास तुलना बघतात, वडील बजेट सांगतात, आई विचारते की हा ठेवायचा कुठे. शेवटी दुकानदार कोटेशन लिहून देतो. त्यातल्या सगळ्यांत खालच्या ओळीत ‘कॅबिनेट, एसएमपीएससह’ असे दोन शब्द असतात आणि त्यावर कोणी काही विचारत नाही. पैसे कमी पडले तर पहिली काटछाटही तिथेच होते.

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पंखा आणि तारांचा जुडगा असलेला पत्र्याचा डबा. काँप्युटरमध्ये शिरणारी सगळी वीज या डब्यातून जाते. भिंतीतल्या सॉकेटमधून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी वीज. आतल्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे रूपांतर फुकट होत नाही. आपल्या दाल बाजारात माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आडत्या आपली आडत कापून घेतो, तसा हा डबाही प्रत्येक युनिटामागे थोडी वीज स्वतःसाठी कापतो. फरक इतकाच की ती तो खिशात घालत नाही, उष्णता करून खोलीत सोडतो. किती वीज आत पोचली आणि किती भिंतीतून ओढली, या प्रमाणाला त्याची कार्यक्षमता म्हणायचं.

पूर्वी ही आडत फारच जबर असे. जुन्या पद्धतीच्या सप्लायमध्ये जाडजूड ट्रान्सफॉर्मर असायचा आणि जास्तीचा दाब सरळ उष्णतेत जिरवला जायचा. निम्मी वीज वाया जाणं नवल नव्हतं. स्विच्ड मोड पद्धतीत विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा होतो आणि वायाही कमी जातं. १९७७ साली आलेल्या ॲपल टू या काँप्युटरसाठी रॉड होल्ट या अभियंत्याने असा सप्लाय बनवला आणि तो यंत्रात पंखा न बसवताही चालला. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॉटचा होता. आज खेळांसाठी जुळवलेल्या काँप्युटरमध्ये ७५० वॉटचा डबा सहज दिसतो.

आता आपल्या घरातला हिशेब करू. अभ्यास, ऑफिसचं काम, थोडे सिनेमे, एवढ्यासाठी वापरायच्या डेस्कटॉपच्या आतल्या भागांना सरासरी ६० वॉट लागतात असं धरा. कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्त, बिनानावाचा सप्लाय ७० टक्के कार्यक्षम असेल तर तो भिंतीतून सुमारे ८६ वॉट ओढेल. ८८ टक्क्यांचा असेल तर ६८. फरक जवळजवळ १८ वॉटचा. दिवसाला आठ तास धरले तर महिन्याला चार युनिटांहून थोडा जास्त, वर्षाला ५० युनिटांच्या आसपास. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाचे साडेतीनशे रुपये.

एवढ्यासाठी कोण डोकं लावणार, असं वाटेल. पण मध्य प्रदेशात युनिटाची किंमत नेहमी सरळ रेषेत वाढत नाही. अटल गृह ज्योती योजनेत ज्या घराचा महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत राहतो, त्याला पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच पडतात. वापर दीडशेच्या पुढे गेला की त्या महिन्याची ती सवलत गेली. म्हणजे १४९ आणि १५३ या दोन आकड्यांत युनिटं चारच, पण बिलात काही शे रुपयांचा फरक. लष्करातल्या जुन्या वाड्यांत किंवा छोट्या फ्लॅटमध्ये राहणारी, एसी नसलेली अनेक घरं थंडीत आणि पावसाळ्याच्या शेवटी नेमकी याच रेघेच्या आसपास असतात. तिथे चार युनिटं म्हणजे महिन्याच्या बिलाचा निकाल.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दुकानात आणि व्हिडिओंत ती कोणी सांगत नाही. हलक्या वापराच्या काँप्युटरमध्ये केवळ वीज वाचावी म्हणून चालू सप्लाय फेकून महागडा बसवण्यात अर्थ नाही. दोन-अडीच हजार रुपये जास्त देऊन वर्षाला साडेतीनशे वाचले तर ते भरून निघायला सहा-सात वर्षं लागतात. त्याहून मोठी चोरी दुसरीकडे होते. डाउनलोड लावून किंवा नुसताच विसरून रात्रभर चालू ठेवलेला काँप्युटर काहीही काम न करता ५० वॉट खातो. दहा तासांची रात्र, महिन्याच्या ३० रात्री, झाली १५ युनिटं. तोच काँप्युटर स्लीपमध्ये टाकला तर त्याला दोन-तीन वॉट पुरतात. म्हणजे आपल्या हिशेबात सप्लाय बदलून जेवढं वाचलं, त्याच्या तिपटीहून जास्त नुसत्या सवयीने वाचतं.

या बाबतीत आपल्या ग्वाल्हेरच्या महाराजांचं उदाहरण घ्यावं. जयविलास महालाच्या संग्रहालयात जेवणाच्या लांबलचक टेबलावरची चांदीची आगगाडी आपण पाहुण्यांना हमखास दाखवतो. विजेवर चालणारी ही गाडी पाहुण्यांसमोरून मद्याच्या सुरया घेऊन फिरायची. एखाद्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. काम नसेल तेव्हा थांबायचं, हे त्या गाडीला शंभर वर्षांपूर्वी कळत होतं. आपल्या काँप्युटरच्या सेटिंगमध्ये ‘पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही तर झोप’ असं एकदा सांगून ठेवायला एक मिनिटसुद्धा लागत नाही, पण ते बहुतेक घरांत केलेलं नसतं.

बंद केलेला काँप्युटरही पूर्ण बंद नसतो, हे तरुण मंडळींना ठाऊक असेल. समोरचं बटण दाबल्यावर तो जागा व्हावा म्हणून सप्लाय आतल्या बोर्डाला ५ व्होल्टचा एक बारीक झरा सतत देत असतो. चांगल्या नव्या सप्लायमध्ये हे काम एक वॉटच्या आत भागतं, जुन्यांत तीन-चार वॉट जातात. अशा झोपलेल्या यंत्रांना एकच वॉट मिळावा, असा आग्रह आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये धरला. युरोपने पुढे तो कायदाच केला. २०१० पासून एक वॉट, २०१३ पासून अर्धा. आपल्याकडे सॉकेटचं बटण भिंतीवरच असतं, हा आपला मोठा फायदा. काम झालं की तेच बंद करावं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्पीकर त्याच बोर्डावर असतील तर त्यांचीही सोय होते.

आता नवा सप्लाय घ्यायचाच असेल तेव्हाचं बोलू. फ्रिज आणि एसीवर आपण तारे बघतो. ते लेबल ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, २००६ पासून देते. लॅपटॉपसाठीही ब्यूरोची ऐच्छिक लेबल योजना आहे, पण डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर तारे दिसत नाहीत. तिथे ओळख पटवायला ‘८० प्लस’ नावाचा शिक्का आहे. तो २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्या काळात बाजारातले साधारण सप्लाय ६० ते ७० टक्क्यांवर अडकलेले होते. अट अशी की पूर्ण क्षमतेच्या २० टक्के, ५० टक्के आणि १०० टक्के भारावर, तिन्ही ठिकाणी निदान ८० टक्के वीज आत पोचली पाहिजे. २००७ मध्ये अमेरिकेच्या एनर्जी स्टार योजनेने काँप्युटरसाठी हीच पातळी सक्तीची केली आणि गूगल-इंटेलने पुढाकार घेऊन कंपन्यांची एक मोहीमही उभी केली. पुढे शिक्क्याच्या वरच्या पायऱ्या आल्या. अर्ध्या भारावर ब्रॉन्झला ८५ टक्के, सिल्व्हरला ८८, गोल्डला ९०, प्लॅटिनमला ९२ आणि टायटेनियमला ९४. खोक्यावर ‘८० टक्क्यांपर्यंत कार्यक्षम’ असं छापलेलं असलं तर तो शिक्का नव्हे. ‘पर्यंत’ या शब्दाला काही अर्थ नसतो.

शिक्का बघून लोक जिथे फसतात ती जागा म्हणजे आकार. आतल्या भागांना ६० वॉट लागणाऱ्या काँप्युटरला ‘पुढे लागला तर’ म्हणून ८५० वॉटचा गोल्ड सप्लाय घेतला, तर तो आयुष्यभर सात टक्के भारावर चालणार. शिक्क्याची परीक्षा सुरू होते २० टक्क्यांपासून. फक्त टायटेनियमची १० टक्क्यांवरही होते. त्याच्या खाली कोणी काही वचन दिलेलं नाही आणि कार्यक्षमता तिथे झपाट्याने घसरते. चार माणसांच्या घरात रोजचं वरण लग्नाच्या पातेल्यात शिजवण्यासारखं आहे हे. साध्या घरगुती काँप्युटरला ३०० ते ४५० वॉटचा प्रामाणिक ब्रॉन्झ पुष्कळ झाला. ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला आकडा बघावा आणि तिथेच थांबावं. रोज पाच तास खेळणाऱ्या, आत ३०० वॉट खर्चणाऱ्या यंत्राला मात्र गोल्ड परवडतो. ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्के मिळाले तर महिन्याला दहा युनिटं वाचतात.

आणखी एक गोष्ट. घरगुती सप्लायच्या शिक्क्याची मूळ चाचणी ११५ व्होल्टवर आणि साधारण २३ अंश तापमानात होते. ही दोन्ही परिस्थिती ग्वाल्हेरची नाही. पहिला फरक आपल्या बाजूचा आहे. २३० व्होल्टवर तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह लागतो, म्हणून तोच सप्लाय आपल्याकडे एखाददोन टक्के बरा चालतो. दुसरा फरक आपल्या विरुद्ध. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि खोलीत ३८-४० असताना डब्यातल्या हवेला थंड व्हायला वावच राहत नाही. सप्लायमधले कपॅसिटर उष्णतेला सगळ्यांत हळवे. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून चांगल्या सप्लायवर कपॅसिटर १०५ अंशांचे असल्याचं आणि पूर्ण शक्ती ४० किंवा ५० अंशांवर मिळत असल्याचं लिहिलेलं असतं. स्वस्त डब्यावर तापमानाचा उल्लेखच नसतो, तिथे समजून घ्यावं. कार्यक्षमतेचा खरा फायदा मला इथे दिसतो. २६ वॉट उष्णता जिरवणारा डबा आणि ८ वॉट जिरवणारा डबा यांच्यात उन्हाळा कोण जास्त काढेल, हे सांगायला लागत नाही. जानेवारीच्या धुक्यात पायाशी थोडी ऊब मिळते म्हणून स्वस्त डब्याचं कौतुक करायचं असेल तर वेगळी गोष्ट.

ही उष्णता शेवटी खोलीतच राहते. एसी असेल तर ती बाहेर फेकायला त्याला साधारण एक तृतीयांश वीज पुन्हा खर्च करावी लागते. एसी नसून कूलर असेल तर एक वेगळी काळजी घ्यावी. खसाच्या कूलरचा ओलसर झोत आणि लूबरोबर आलेली धूळ यांचा सप्लायच्या पंख्यावर आणि आतल्या पाटीवर लेप बसतो. कॅबिनेट त्या झोतात ठेवू नये, भिंतीला टेकवू नये आणि वर्षातून एकदा, होळीनंतर आणि उन्हाळा चढण्याआधी, ब्लोअरने साफ करून घ्यावा. डबा मात्र उघडू नये. त्यातला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ धोकादायक दाब धरून ठेवतो. जुन्या सप्लायवर मागे ११५/२३० असं लिहिलेलं एक छोटं लाल बटण असतं. सफाई करताना ते चुकून ११५ कडे गेलं आणि प्लग लावला की मोठ्ठा आवाज होतो आणि विषय संपतो. पोरांना हे आधी सांगून ठेवावं.

आता लाईट गेल्यावरचं. २००३ च्या निवडणुकीत बिजली-सडक-पानी गाजलं तेव्हाची अंधारी आता राहिली नाही, पण उन्हाळ्यातल्या दुपारी आणि वादळी संध्याकाळी इन्व्हर्टरशिवाय आजही भागत नाही. ऑनलाइन परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग चालू असताना हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा होतो. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची. काँप्युटरच्या आत लागतात तेही मुख्यतः १२ व्होल्ट. पण बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट होते आणि मग सप्लाय तिला परत १२ वर आणतो. दोनदा आडत. इन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षम धरला आणि सप्लाय ७० टक्के, तर ६० वॉटच्या कामासाठी बॅटरीतून १०० वॉट निघतात. सप्लाय ८८ टक्क्यांचा असेल तर ८०. वीस वॉट म्हणजे एका एलईडी ट्यूबलाइटइतकी वीज.

इन्व्हर्टरची क्षमता व्हीएमध्ये लिहिलेली असते, वॉटमध्ये नाही. इथे पॉवर फॅक्टर नावाची भानगड येते. जुने, स्वस्त सप्लाय वीज लहरीच्या शेंड्यावर हिसका देऊन ओढतात, त्यामुळे त्यांचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या घरात असतो. ८६ वॉट घेणारा काँप्युटर मग इन्व्हर्टरच्या हिशेबात १३० व्हीएची जागा अडवतो. घरगुती मीटर युनिटं मोजतो, म्हणून बिलात हे दिसत नाही, पण पंखे आणि काँप्युटर एकदम चालू असताना इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिट्टी का मारतो याचं उत्तर इथे मिळतं. ८० प्लसच्या सप्लायमध्ये हा दोष काढलेला असतो, त्यांचा पॉवर फॅक्टर पूर्ण भारावर ०.९ च्या वर हवाच.

पण त्या दुरुस्तीची एक खोड आहे. असे काही सप्लाय स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर नीट चालत नाहीत. लाईट जाते, इन्व्हर्टर सुरू होतो, पंखा गुणगुणत फिरतो आणि काँप्युटर मात्र धाडकन बंद. लोक नव्या सप्लायला दोष देतात आणि जुना परत लावतात. दोष जोडीत असतो. ज्या घरात चांगला सप्लाय बसवायचा आहे तिथे इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, आणि पुढची बॅटरी बदलताना दुकानदाराला एवढं एकच विचारायचं लक्षात ठेवावं.

लॅपटॉपवाल्यांनी हसू नये, त्यांचाही एक डबा आहे. फक्त तो वायरच्या मध्ये लोंबतो. ॲडॉप्टर उलटा करून बारीक छपाई वाचा. त्यात रोमन आकड्यांत पाच किंवा सहा लिहिलेलं सापडेल. ती कार्यक्षमतेची आंतरराष्ट्रीय पायरी. अमेरिकेने सहावी पायरी फेब्रुवारी २०१६ पासून सक्तीची केली. तीत लॅपटॉप न जोडता नुसता सॉकेटमध्ये राहिलेला साधारण ६५ वॉटचा ॲडॉप्टर ०.२१ वॉटपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, पाचव्या पायरीवर ही मर्यादा अर्धा वॉट होती. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांकही असतो, पण तो सुरक्षिततेची हमी देतो, काटकसरीची नाही. दोन्ही बघावेत. मूळ ॲडॉप्टर बिघडल्यावर बाजारातून तीनशे रुपयांचा आणला जातो, त्यावर बहुधा यातलं काहीच नसतं, आणि तो हाताला चटका बसेल इतका तापतो. आडत किती कापली जाते ते तिथे हातालाच कळतं.

एवढे आकडे वाचून आपल्या घरात नक्की काय चाललंय हे बघावंसं वाटलं तर त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. वीज कंपनीच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते लिहिलेलं असतं. अनेक मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. रविवारी सकाळी घरातल्यांची परवानगी घेऊन फ्रिजसह बाकी सगळं दहा मिनिटं बंद करा, फक्त काँप्युटर आणि मॉनिटर चालू ठेवा. इन्व्हर्टरचं चार्जिंगही बंद करा. ते हमखास विसरतं आणि सगळा हिशेब बिघडवतं. एकाने मीटरखाली उभं राहून दिवा मोजायचा. ३२०० च्या मीटरवर दहा मिनिटांत ४० वेळा लुकलुकला तर तुमचा काँप्युटर ७५ वॉट घेतोय. मग तो स्लीपमध्ये टाकून, मॉनिटर बंद करून पुन्हा दहा मिनिटं मोजा, एखाददोन लुकलुकी दिसल्या पाहिजेत. आठ-दहा दिसल्या तर पंधरा-वीस वॉट कुठेतरी जात आहेत. काँप्युटर खरंच झोपलाय का ते आधी बघा, मग टेबलाखालचा जुना यूपीएस तपासा.